कर्ता सुटला आहे

खळ्ळ!

आवाज तसा बेताचाच. पण गेल्या तीन दिवसांत राजवाड्यात एवढी शांतता साचली होती, की नाश्त्याच्या टेबलाभोवतीची मोठी माणसं एकदम दचकली. सासूबाईंचा चमचा बशीच्या काठावर जागच्या जागी थांबला. वकीलसाहेबांनी समोरच्या कागदावर पालथा हात ठेवला, जणू जे काही पडलं ते कागदातूनच पडलं होतं. धाकट्या सरकारांनी वर्तमानपत्र काही खाली घेतलं नाही, नुसत्या त्याच्या कडा हलल्या.

खुर्चीवर दोन उशा रचून बसवलेल्या खारूने खाली वाकून पाहिलं. फरशीवर दुधाचं तळं, तळ्यात कपाचे पाचसहा तुकडे, आणि कपाचा कान पार सासूबाईंच्या चपलेपाशी.

"कप फुटला," खारूने जाहीर केलं.

"फुटला?" तिच्या आईने सवयीने विचारलं. "आपला आपण? बसून बसून कंटाळा आला म्हणून?"

खारू खुदकन हसली. पाच वर्षांची होती, आणि हा खेळ तिला दोन वर्षांची असल्यापासून पाठ होता. "नाही. फोडला."

"कुणी? नाव घेऊन सांग."

"खारूने फोडला. कोपराने. मुद्दाम नाही फोडला, पण खारूनेच."

"शाब्बास. आता पाय वर घे, काच आहे खाली."

आणि मग आईच्या लक्षात आलं, की आपण हे कुठे, कधी आणि कोणासमोर बोललो. तिने जीभ चावली.

"काय एकेक खूळ शिकवतेस पोरीला," सासूबाई म्हणाल्या. "कप फुटतात. दोनशे वर्षं फुटतायत आमच्या घरात. कुणी कधी फोडला नाही."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

धाकटी, म्हणजे धाकट्या सरकारांची बायको, खारूची आई, लग्न करून या घरात आली तेव्हा तिला पहिल्यांदा नवल वाटलं ते झुंबरांचं नाही, गालिच्यांचं नाही, तर क्रियापदांचं. या घराण्यात कोणी काही करतच नसे. सगळं होत असे. मोटार झाडाला लागे. बंदूक सुटे. राग येई आणि जेवण राही. थोरल्या दिरांनी, म्हणजे खुद्द राजेसाहेबांनी, एकदा भर मेजवानीत परदेशी पाहुण्यांच्या मांडीवर सरबत सांडलं, तर दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात छापून आलं, 'पाहुण्यांच्या अंगावर सरबत आले.' सरबत जसं काही वाट विचारत विचारत पायी आलं होतं! धाकटी ते वाचून इतकी हसली, इतकी हसली, की जाऊबाईंनी तिला पाणी दिलं.

हसू यायचं कारण, तिचा धंदाच तो होता. लग्नाआधी सहा वर्षं ती एका छापखान्यात प्रुफं तपासत असे. यंत्रघराच्या भिंतीला लागून टेबल, भिंत दिवसभर थरथरायची, आणि तिच्या हातातली लाल पेन्सिल मात्र जराही हलायची नाही. छापखान्यात तिला सगळे लाल पेन्सिलच म्हणत. राजवाड्याशी तिची गाठ पडली तीही पेन्सिलीमुळेच. धाकट्या सरकारांच्या वाढदिवसाची आमंत्रणपत्रिका छापायला आली होती. त्यात सात पदव्या होत्या. त्यांतल्या दोन तिने 'एकाच अर्थाच्या' म्हणून खोडल्या, आणि उरलेल्या पाचांच्या शेवटी काकपद काढलं. सुटलेला शब्द दाखवायला ओळीखाली जी कावळ्याच्या पावलासारखी बारीक खूण करतात, ते काकपद. आणि समासात लिहिलं, 'यांचे नाव कुठे आहे?'

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या दारात एक लांबलचक मोटार उभी राहिली. आतून एक उंच, हसरा माणूस उतरला. तो शाईच्या डब्यांतून वाट काढत थेट तिच्या टेबलापाशी आला.

"तीस वर्षं माझ्या पत्रिका छापल्या जातायत," तो म्हणाला. "त्यात माझं नाव नसतं हे तुमच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा."

असं म्हटल्यावर कुठली मुलगी वितळणार नाही? ती तर चांगली पाघळली. आईने बजावलं, "अगं, मोठ्या घरचा वासा, पोकळ असला तरी डोक्यात पडला की लागतोच." पण प्रेमात पडलेल्या माणसाला म्हणी ऐकू येत नाहीत.

आणि तो चांगलाही होता हो, हे सांगायलाच हवं. खारूला आंघोळ घालताना कोंबड्यासारखा आरवायचा. ती तापाने फणफणलेली असताना रात्रभर तिला खांद्यावर टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालायचा. बायकोला चारचौघांत 'अहो' म्हणायचा, एकांतात 'लाले'. फक्त अधूनमधून त्याच्या आसपास काही गोष्टी होत. खारूला दात येत होते तेव्हा घोडेवाल्याला चाबूक लागला. त्याच्या आधी मोटार चालवणाऱ्याचा दात पडला. दोन्ही वेळी ती तिथे नव्हती. दोन्ही वेळी तिने ही वाक्यं ऐकली. चुकीच्या जागी चुकीचं क्रियापद बसलंय हे तिला कळलं. आणि तरी तिने पेन्सिल उचलली नाही. नवं नवं लग्न होतं, मग नवं नवं बाळ होतं. बाळाचं दूध, बाळाचे दात. दुसऱ्याच्या दातांचा हिशोब कुठे ठेवत बसणार?

या वेळी मात्र ती तिथे होती.

राजवाड्यात बेचाळीस घड्याळं होती, आणि त्यांना किल्ली द्यायला दर सोमवारी घड्याळजी यायचे. साठीचे, ठेंगणे, खिशात लहानमोठ्या किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. खारू त्यांना टिकटिक आजोबा म्हणायची. घड्याळाच्या पोटाला कान लावायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. "हं, ऐका. हे उजव्या पायाने लंगडतंय की डाव्या?" आणि खारू अगदी डॉक्टरीणबाईंच्या थाटात सांगायची, "डाव्या."

त्या सोमवारी घड्याळजी जिन्यातल्या मोठ्या घड्याळापाशी शिडीवर चढले होते. धाकटी वरच्या पायरीवर उभी होती, हातात खारूचा एक मोजा घेऊन. दुसरा मोजा शोधायला खारू खोलीत गेली होती. खाली धाकटे सरकार आले. त्यांनी आठवड्यापूर्वी आपलं खिशातलं घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. ते त्यांच्या वडिलांनी मरताना स्वतःच्या हाताने दिलेलं. थोरल्याला गादी, धाकट्याला घड्याळ. ते त्याला जिवापाड जपत.

"झालं का हो आमचं?" त्यांनी खालून विचारलं.

"झालं सरकार," घड्याळजी वरूनच म्हणाले. त्यांना बोलायची हौस. "पण एक सांगू का, रागावू नका. कवच तेवढं सोन्याचं आहे. आतलं यंत्र अगदी साधं, टपालवाल्याच्या मनगटावर असतं ना, तसलं. मूळचं कधीच कुणीतरी काढून घेतलंय बघा." आणि ते हसले. वाईट नव्हते हसले. पन्नास वर्षं घड्याळं उघडून पाहिलेला माणूस, आत भलतंच काही निघालं की हसतो, तसं.

धाकट्या सरकारांनी शिडीच्या पायाला लाथ घातली.

तेवढ्यावर थांबले असते तर. पण नाही. घड्याळजी खाली पडल्यावर, फरशीवर टेकलेल्या त्यांच्या उजव्या हातावर त्यांनी काठी घातली. चांदीच्या मुठीची. एकदा. दोनदा. तीनदा. धाकटीने मोजलं. का मोजलं कोण जाणे. ओरडायचं सोडून तिने मोजलं, आणि मोजा तिच्या हातात तसाच राहिला.

"सापडला!" म्हणत खारू पळत आली, तेव्हा आईने तिला पोटाशी धरून तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. पोरीला काही दिसलं नाही. दिसला तो फक्त भिंतीवरचा रंग.

तेव्हापासून घड्याळांना किल्ली नव्हती. मंगळवारी दिवाणखान्यातलं थांबलं, बुधवारी जेवणघरातलं. एकेक करत बेचाळीसच्या बेचाळीस गप्प झाली होती. चालू होतं ते फक्त खारूच्या खोलीतलं पत्र्याचं गजराचं घड्याळ. ते धाकटीने माहेरून आणलेलं होतं, आणि त्याला किल्ली ती स्वतः द्यायची.

"तर मग," वकीलसाहेब घसा साफ करत म्हणाले, आणि त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "अकरा वाजता फौजदार येतील. जिन्यात तुम्ही होतात, त्यामुळे जबाब तुमचा लागेल. मी लिहून आणलाय. तुम्ही फक्त सही करायची."

"वाचते," धाकटी म्हणाली.

"वाचा की. दोनच वाक्यं आहेत."

ती खारूचे पाय पुसत वाचू लागली. 'सोमवारी सकाळी जिन्यातील घड्याळाला किल्ली देताना शिडी सरकून घड्याळजी पडले व त्यांचा हात मोडला. त्यानंतर धाकट्या सरकारांच्या वडिलोपार्जित घड्याळातील मूळ यंत्र नाहीसे झाल्याचे आढळले.'

"हे दुसरं वाक्य म्हणजे?" तिने विचारलं. "यंत्र घड्याळजींनी चोरलं?"

"असं कुठे म्हटलंय?" वकीलसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "नाहीसं झालं, एवढंच. आता शेवटचं ते कोणाकडे होतं, याचा विचार पोलीस करतील. त्या माणसाने सरकारांवर भलता आरोप केलाय ना, मग का केला तेही लोकांना कळायला हवं. बरं, मला सांगा, यात खोटं एक अक्षर आहे? शिडी सरकली?"

"सरकली."

"पडले?"

"पडले."

"हात मोडला?"

"मोडला," ती म्हणाली. आणि तिच्यातली लाल पेन्सिल मनातल्या मनात म्हणाली, वा रे पठ्ठ्या! कारण फुटला आणि फोडला यांत निदान कळतं तरी, पडला आणि पाडला यांत कळतं. पण 'मोडला'? आपला आपण मोडला तरी मोडला, आणि कुणी मोडला तरी मोडलाच. या माणसाने अख्खी भाषा धुंडाळून नेमकं दोन्हीकडे तोंड असलेलं क्रियापद शोधून आणलं होतं. छापखान्यात असता तर तिने त्याला चहा पाजला असता.

"राजेसाहेबांचा फोन होता," सासूबाई म्हणाल्या. थोरले दौऱ्यावर होते. "ते म्हणाले, मी परत येईन तोवर सगळं मिटलेलं असू दे."

"कोण मिटवणार म्हणाले?" धाकटीच्या तोंडून गेलं.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. खारू झाली तेव्हा चाळीस दिवस सुनेच्या उशाशी बसून होत्या. "हे बघ," त्या हळूच म्हणाल्या. "तुझ्या लेकीला बाप हवा ना? मग सही कर, आणि खारूला दुसरं दूध दे. रिकाम्या पोटी बसलीय ती."

नवरा कपडे बदलायला गेला, त्याच्या मागोमाग तीही गेली. तो आरशासमोर उभा राहून गळपट्टा बांधत होता. गाठ बसत नव्हती. तिने नेहमीसारखी पुढे होऊन बांधून दिली. हात शिकलेले असतात, त्यांना काही सांगावं लागत नाही.

"काल इस्पितळात गेले होते," ती म्हणाली.

"कळलं मला."

गेली होती खरी. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, आणि तिथे गेल्यावर सगळं विसरली. घड्याळजींचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने ते एक बारकासा स्क्रू फिरवून पाहत होते, तो पुन्हा पुन्हा पांघरुणात पडत होता. तिला पाहून ते उठायला लागले. "जिन्यातलं मागे पडलं असेल हो," हे त्यांचं पहिलं वाक्य. "आठवड्याला दोन मिनिटं खातं ते. लबाड आहे." मग बोटं नीट होणार नाहीत असं डॉक्टर म्हणाल्याचं त्यांनी सांगितलं, तेही हवापाण्याचं बोलावं तसं. आणि ती निघताना म्हणाले, "बाईसाहेब, मी माझं सांगितलंय पोलिसांना. तुम्ही काही बोलू नका. तुम्हाला लेकरू आहे. पण चोर मात्र म्हणू देऊ नका मला. पन्नास वर्षं लोकांचं सोनं-चांदी खिशात घेऊन फिरलो."

तेच तिने आता नवऱ्याला विचारलं. "त्यांनी चोरलं असं खरंच वाटतं तुला?"

तो खिडकीपाशी गेला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला.

"मला माहीत होतं, लाले."

"काय माहीत होतं?"

"यंत्र खोटं असल्याचं. बाबा गेले त्याच रात्री मी कवच उघडून बघितलं होतं. मूळचं दादाच्या टेबलावर आहे, काचेच्या पेटीत. गादीही त्याला, यंत्रही त्याला. मला नुसतं कवच. मी कुणाला बोललो नाही. इतकी वर्षं रोज खिशात घालून फिरलो. आणि तो थेरडा शिडीवर चढून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं..."

जवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवावा असं वाटलं, आणि तिने फिरवलाही. बिचारा. सात पदव्या आणि आत नाव नाही, सोन्याचं कवच आणि आत यंत्र नाही. सगळं आयुष्य असं.

मग तिचा हात थांबला.

"म्हणजे घड्याळजींनी चोरलं नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. आणि तरी ते वाक्य कागदावर आहे."

"ते वकिलांनी घातलं."

"तू काढलं नाहीस."

"राहून गेलं," तो म्हणाला.

"आणि सोमवारचं?"

"ते माझ्या हातून झालं. मला काय आनंद झाला असेल का?" तो वळला, तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते हात खरंच ऊबदार होते. "एक सही, लाले. माझ्यासाठी नको करू. खारूसाठी कर."

अकराच्या ठोक्याला, म्हणजे ठोका पडला असता तर, फौजदार आले. चाळिशीचे, गरीब चेहऱ्याचे, राजवाड्यातल्या खुर्चीत पूर्ण बसायला धजत नव्हते म्हणून कडेला टेकलेले. टोपी मांडीवर. घरात शिरताना बूट काढायचे की नाही, कुठे काढायचे, या विचारात त्यांचा एकच बूट काढून झाला होता. एरवी धाकटीला हसू आवरलं नसतं.

कागद तिच्यासमोर होता. वकीलसाहेबांनी आपलं महागाचं पेन टोपण काढून पुढे केलं. तिने ते घेतलं नाही. खारूच्या चित्रांच्या डब्यातून आणलेली लाल पेन्सिल तिच्या हातात होती, टोक जरा बोथट, मागून चावलेली.

"पेन्सिलीने सही चालत नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"सही पेनानेच करीन. आधी वाचते."

तिने वाचलं. छापखान्यात शिकवलं होतं तसं, तीनदा. एकदा अर्थासाठी, एकदा अक्षरांसाठी, आणि एकदा शेवटून सुरुवातीकडे, शब्द शब्द उलटा. उलटं वाचलं की वाक्याच्या लयीत लपलेली चूक उघडी पडते. मोडला. हात. त्यांचा. व. पडले. घड्याळजी. सरकून. शिडी. पहिल्या वाक्यात प्रत्येक शब्द जागेवर होता. प्रत्येक शब्द खरा होता. एकही चूक नव्हती. फक्त एक जागा रिकामी होती, आणि ती तिला पहिल्या वाचनापासून दिसत होती. घोडेवाल्याच्या वेळी दिसली होती, दाताच्या वेळी दिसली होती.

तिने ओळीखाली काकपद काढलं.

वर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं, 'माझ्या नवऱ्याने'. 'सरकून' खोडून 'लाथेने सरकवून' केलं. 'घड्याळजी पडले'चं 'घड्याळजींना पाडले'. 'व त्यांचा'च्या मध्ये आणखी एक काकपद, वर 'काठीने तीन वेळा मारून'. 'मोडला' तिने हातही न लावता तसंच ठेवलं. आता ते बरोबर होतं. दुसरं वाक्य तिने एका सरळ रेघेत खोडलं आणि समासात लिहिलं, 'मूळ यंत्र थोरल्या सरकारांच्या टेबलावर, काचेच्या पेटीत आहे. पाहून खात्री करावी.' मग वकीलसाहेबांचं पेन घेऊन खाली सही केली आणि कागद फौजदारांकडे दिला.

फौजदारांनी तो उजेडाकडे धरला. उलटा केला, सुलटा केला.

"हे काय हो?" ते चाचरत म्हणाले. "कावळा बसला होता का कागदावर?"

"शब्द सुटला होता," धाकटी म्हणाली. "तो कुठे बसवायचा त्याची खूण आहे."

"कुठला शब्द?"

"कर्ता."

फौजदारांनी पुन्हा वाचलं. या वेळी ओठ हलवत. मग त्यांनी टोपी मांडीवरून उचलून डोक्यावर घातली, आणि खुर्चीत पूर्ण बसले.

"बाईसाहेब भावनेच्या भरात आहेत," वकीलसाहेब म्हणाले.

"भावनेच्या भरात चुका होतात," धाकटी म्हणाली. "ह्यात एक दाखवा."

ती नवऱ्याकडे पाहायचं टाळत होती. शेवटी पाहिलं. तो रागावला नव्हता, तेच जास्त कठीण होतं. तो कागदाकडे बघत होता. छापखान्यात पहिल्यांदा आला तेव्हा त्या पत्रिकेकडे पाहत होता ना, तसा. कागदावर आपल्याला बसवलेलं बघून चकित झाल्यासारखा.

"पुन्हा नाव घातलंस माझं," तो म्हणाला. हसायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

सासूबाई उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

"तू घर मोडलंस," त्या सुनेला म्हणाल्या.

धाकटीच्या ऐकण्यात तरी या घरात पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण वाक्य बोललं होतं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी.

फौजदारांनी धाकट्या सरकारांना बरोबर यायला सांगितलं. म्हणजे, 'यावं लागेल' असं काहीतरी ते पुटपुटले, मग कागदाकडे पाहून धीर आला असावा, नीट म्हणाले, "मी तुम्हाला घेऊन जातोय, सरकार." नवऱ्याने कोट मागितला. बाही उलटी झाली होती, त्याचा हात आत अडकला. धाकटीने ती सुलटी करून दिली. त्याच्या मानेपाशी कॉलर नीट केली. हात शिकलेले असतात.

"खारूला काय सांगशील?" त्याने हळूच विचारलं.

"तू काय सांगू म्हणतोस?"

तो जिना उतरून गेला. थांबलेल्या मोठ्या घड्याळापाशी क्षणभर अडखळला, एवढंच.

ती वर खारूच्या खोलीत आली. संपूर्ण राजवाड्यात फक्त तिथेच टिकटिक चालू होती, पत्र्याच्या घड्याळाची, जरा किरटी, पण नेमाची. खारू खिडकीत खुर्ची ओढून त्यावर उभी होती, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. काचेला नाक लावल्यामुळे काचेवर वाफेचं वाटोळं उमटलं होतं.

"उतर खाली, पडशील."

"पडशील नाही. पाडशील," खारू म्हणाली, आणि मग विचारात पडली. "नाही, हे चुकलं."

"हो, हे चुकलं." आईने तिला उचलून कडेवर घेतलं. पोर जड झाली होती. कधी झाली एवढी? तिच्या केसांना अजून सांडलेल्या दुधाचा वास येत होता. दुसरं दूध द्यायचं राहिलंच. राहिलं नाही, आपण दिलं नाही, तिने मनातच दुरुस्त केलं.

खाली पोलिसांची मोटार फाटकातून बाहेर पडत होती. मागच्या काचेतून उंच माणसाची पाठ दिसत होती, वाकलेली, आणि चेहऱ्यावर दोन्ही हात. खांदे हलत होते. एवढ्या लांबूनही दिसत होतं.

खारू बराच वेळ पाहत राहिली. मोटार वळणाआड गेली तरी पाहत राहिली. मग तिने आईची हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे फिरवलं.

"आई, बाबा रडले?"

"हो गं."

"आपले आपण रडले, की त्यांना कुणी रडवलं?"

आईने तिचा मोज्याचा पाय हातात घट्ट धरला.

"कुणी, आई? नाव घेऊन सांग ना."